आजी-आजोबांना नातवंडाचा कायदेशीर ताबा मिळू शकतो का? कायदा काय सांगतो?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे आणि जून २०२१ मध्ये, अहमदाबादमधल्या एका लहान मुलाचे वडील आणि आई महिनाभराच्या अंतरानं गेले. आता त्याला सांभाळायचं कोणी, यावरून दोन घरांत वाद सुरू झाला. एका बाजूला वडिलांचे आई-वडील होते, तर दुसऱ्या बाजूला मावशी.

गुजरात उच्च न्यायालयानं मुलाचा ताबा मावशीकडे दिला. मावशी ४६ वर्षांची, केंद्र सरकारच्या नोकरीत आणि मोठ्या कुटुंबात राहणारी. आजोबा ७१ वर्षांचे, आजी ६३ वर्षांची आणि घर पेन्शनवर चालणारं. कागदावर मावशीची बाजू भक्कम दिसत होती.

जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा निर्णय बदलला आणि नातू आजी-आजोबांकडे सोपवला. वय जास्त आहे, उत्पन्न कमी आहे किंवा कुटुंब लहान आहे, एवढ्यावरून आजी-आजोबा नातवाला नीट सांभाळू शकणार नाहीत असं म्हणता येत नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं.

मग प्रत्येक आजी-आजोबांना असा ताबा मिळतो का? नाही. या प्रकरणात आई-वडील दोघेही हयात नव्हते. दोघांपैकी एक जरी हयात असेल, तर चित्र बरंच बदलतं.

सांभाळ, ताबा आणि पालकत्व यात फरक काय?

अनेक घरांत नातवंडं वर्षानुवर्षं आजी-आजोबांकडेच वाढतात. हा झाला सांभाळ. त्यासाठी कुठलाही कागद लागत नाही. अडचण येते ती पासपोर्ट काढताना, ऑपरेशनच्या संमतीवर सही करताना किंवा मुलाच्या नावावरच्या पैशांचा व्यवहार करताना. तिथे ‘कायदेशीर पालक कोण?’ हा प्रश्न विचारला जातो.

मूल प्रत्यक्ष कोणाजवळ राहणार, हे ठरतं ताब्यानं. त्याच्या वतीनं निर्णय कोण घेणार आणि त्याच्या मालमत्तेची काळजी कोण वाहणार, हे ठरतं पालकत्वानं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ नुसार नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि त्यांच्यानंतर आई. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं, असंही हा कायदा म्हणतो. नैसर्गिक पालकांच्या या यादीत आजी-आजोबा नाहीत. म्हणून त्यांना कोर्टाकडून पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते.

मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात, हनफी परंपरेनुसार, आईनंतर लहान मुलाच्या संगोपनाचा मान आईच्या आईकडे जातो.

आई किंवा वडील हयात असतील तर?

पालक व पाल्य कायदा, १८९० हा सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू होतो. त्याच्या कलम १९ नुसार आई किंवा वडील हयात असतील आणि कोर्टाच्या मते ते पालक म्हणून अयोग्य नसतील, तर मुलासाठी दुसरा पालक नेमता येत नाही. त्यामुळे ‘आम्ही जास्त प्रेम करतो’ किंवा ‘आमची परिस्थिती चांगली आहे’ एवढं सांगून भागत नाही. मुलाला मारहाण, व्यसन, मुलाला सोडून देणं, दीर्घकाळ दुर्लक्ष अशा गोष्टी पुराव्यासह मांडाव्या लागतात.

२०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर महाराष्ट्रातलं असंच एक प्रकरण आलं होतं. आईचं कर्करोगानं निधन झालं होतं आणि दोन वर्षांचीही नसलेली मुलगी आईच्या भावंडांकडे होती. त्यांनी तिला मायेनं सांभाळलं, हे न्यायालयानं मान्य केलं. तरीही ताबा वडिलांकडे दिला, कारण ते नैसर्गिक पालक होते आणि त्यांना अयोग्य ठरवणारं काही समोर आलं नव्हतं. मुलीला एकदम धक्का बसू नये म्हणून आईकडच्या नातेवाईकांना तिला भेटण्याची मुभा मात्र दिली.

सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही ७४ वर्षांच्या एका आजीला पाच वर्षांच्या नातवाचा ताबा त्याच्या वडिलांकडे द्यायला सांगितलं. नातवाशी असलेल्या जिव्हाळ्यामुळे आजीचा हक्क जन्मदात्यांपेक्षा वरचढ ठरत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

कोर्ट नेमकं काय बघतं?

सगळ्यात आधी मुलाचं हित. कलम १७ नुसार मुलाचं वय आणि धर्म, अर्जदाराचं चारित्र्य आणि क्षमता, नात्यातली जवळीक, तसंच गेलेल्या आई-वडिलांची काही इच्छा होती का, हे पाहिलं जातं. मूल समजत्या वयाचं असेल तर कोर्ट त्याचं मतही विचारात घेऊ शकतं. न्यायाधीश अनेकदा मुलाशी स्वतंत्रपणे बोलतात.

अर्ज कुठे आणि कसा करायचा?

मूल नेहमी जिथे राहतं, तिथल्या कोर्टात. म्हणजे नातू नाशिकला राहत असेल आणि आजी कोल्हापूरला, तर अर्ज नाशिकलाच होतो. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे अर्ज त्या न्यायालयात जातो, नाही तर जिल्हा न्यायालयात.

अर्जात मुलाची माहिती, जवळचे नातेवाईक, मालमत्ता आणि सध्या मूल कोणाकडे आहे, हे लिहावं लागतं. पालक व्हायला तयार असल्याचं निवेदनही सोबत लागतं. त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. शाळेची फी कोण भरतं, दवाखान्यात कोण नेतं, याच्या पावत्या आणि कागद जपून ठेवलेले असतील तर उपयोगी पडतात. निकालाला वेळ लागणार असेल तर कलम १२ खाली तात्पुरत्या ताब्याचा आदेशही मागता येतो.

वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कायद्यानुसार महिलांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणजे आजीच्या नावानं अर्ज केला तर ही मदत थेट मागता येते. हेल्पलाइन क्रमांक आहे १५१००.

पैशांची काही मदत मिळते का?

महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून पात्र मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. आई-वडील गमावलेली आणि नातेवाईकांकडे राहणारी मुलं यात बसू शकतात. चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायची.

ताबा मिळाला नाही तर?

नातवंडाला भेटण्याची परवानगी मागता येते. कायद्यात आजी-आजोबांसाठी भेटीचा वेगळा हक्क लिहिलेला नाही, पण मुलाच्या हिताचं असेल तर कोर्ट सुट्टीतली भेट, ठरावीक दिवस किंवा व्हिडिओ कॉल ठरवून देऊ शकतं.

एक गोष्ट मात्र टाळायला हवी. वाद सुरू झाला म्हणून मुलाला गुपचूप दुसऱ्या गावी नेऊन ठेवू नका. समोरची बाजू हेबिअस कॉर्पस याचिका घेऊन थेट उच्च न्यायालयात जाऊ शकते आणि तिथे पहिला प्रश्न मूल का लपवलं, हाच येतो. मुलाची शाळा आणि रोजचा दिनक्रम चालू ठेवून वेळेत अर्ज केला, तर आजी-आजोबांची बाजू कोर्टापुढे जास्त भक्कमपणे उभी राहते.