मगरीचा उपास

मुलांनो, मार्गासनीहून पुण्याला जाताना कात्रजचा घाट उतरलो की राजीव गांधी प्राणिसंग्रहालय लागतं. तिथली मगर पाहून तुमचा प्रश्न ठरलेला, "आजोबा, ही हलत का नाही? हिला जेवायला दिलं नाही का?"

अरे, मगरीला रोज जेवण लागतच नाही. आपण खातो त्यातलं बरंचसं अन्न अंग गरम ठेवण्यातच खर्ची पडतं. मगर ती ऊब उन्हाकडून घेते. सांगलीकडे कृष्णेच्या काठावर, औदुंबर-भिलवडीच्या बाजूला, थंडीत मगरी आ वासून पडलेल्या असतात, त्या ऊनच खात असतात. एकदा पोटभर मिळालं की मोठी मगर कित्येक आठवडे सहज काढते.

तेवढे दिवस ती जगते चरबीवर. शेपटीच्या बुडाशी, स्नायूंच्या मधे चरबीचे थर असतात आणि पोटात चरबीचा एक वेगळा गोळाच असतो. खात्यापित्या मगरीची शेपटी बुडाशी गोल, भरलेली दिसते. उपासमार झाली की तिथलीच हाडं वर येतात. मादी हीच चरबी अंड्यांच्या बलकात घालते. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ती काठच्या मातीत खड्डा करून 25-30 अंडी घालते. दोनेक महिन्यांनी निघालेलं पिल्लू पहिले काही दिवस पोटात उरलेल्या बलकावरच काढतं. आईनं पावसाळ्यात खाल्लेला मासा लेकराला उन्हाळ्यात पुरतो, बघा!

पण जसं खाणं, तशी चरबी. माशाचं तेल थंडीतही पातळ राहतं आणि लवकर बिघडतं, डब्यात राहिलेलं खोबरं खवट होतं तसं. जिवंत शरीरात असं होऊ नये म्हणून ई जीवनसत्त्व राखण करतं. शिळे, तेलकट मासे सतत पोटात गेले की ते संपतं. मग चरबी सुजते, पिवळी पडते, तिच्या टणक गाठी होतात. अंग आखडतं, पोहणं जमत नाही आणि साठवलेलं तेल वेळेला वापरताही येत नाही. भरल्या अंगानं मगर मरते.

पाळलेल्या मगरींत हा रोग माहीत होता. म्हणून त्यांना ताजं आणि मोजकंच खाणं द्यावं लागतं. थंडीत तर फार कमी, कारण गार अंगात अन्न पचत नाही, पोटातच सडतं. लाडानं जास्त घातलं तर यकृतात चरबी साठते. हाडांशिवाय नुसतं मांस दिलं तर पिल्लांची हाडं वाकतात. मला विचाराल तर मगर सांभाळणाऱ्याचं खरं कसब हात आखडता घेण्यात आहे.

आणि मग 2008 साली आफ्रिकेत, क्रूगर राष्ट्रीय उद्यानात, ऑलिफंट्स नदीच्या घळीत दीडशेच्या वर मोकळ्या, रानटी मगरी मेल्या. त्यांना कुणी शिळं घातलं नव्हतं. पोट उघडलं तर तीच पिवळी, टणक चरबी. त्या नदीच्या वरच्या अंगाला खाणी, कारखाने, शेती. खालच्या अंगाला धरण, त्याचं पाणी घळीत तुंबून गाळ साचलेला. नेमकं कारण कोणतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण तिथल्या मांगूर जातीच्या माशांतही तोच रोग सापडला.

कृष्णेत सांडपाण्यानं मासे मरून तरंगल्याची बातमी वाचली की मला त्या मगरी आठवतात. आपली मगर मेलेला मासाही सोडत नाही.