नांदूर-मध्यमेश्वरचा गाळ व त्यावरील पाहुणे

फाल्गुनांत गव्हाची काढणी आली म्हणजे शेतकऱ्यास पाखरांकडे पाहण्यास सवड नसते. पाहिलेंच तर हातांत गोफण घेऊन. तथापि निफाड तालुक्यांतील नांदूर-मध्यमेश्वर येथें याच महिन्यांत एक दिवस घालवावा, असें वाचकांस आमचें सांगणें आहे. व तें केवळ हौशी लोकांसाठीं नव्हे.

येथें गोदावरी व कादवा यांचा संगम आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं येथें बंधारा घालण्यांत आला व त्यावरून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले. बंधाऱ्यामागें वर्षानुवर्षें गाळ सांचत गेला. पाणी साठविण्याच्या हिशेबांत हा निव्वळ तोटा. पण उथळ पाणी, मऊ चिखल व त्यांतील किडे, गोगलगाई आणि पाणवनस्पति, एवढें मिळाल्यावर पक्ष्यांस आणखी काय हवें? ही माती वरच्या अंगाच्या आपल्याच शेतांतून धुपून आलेली आहे, हें मात्र विसरूं नये. १९८६ सालीं हें पक्षी-अभयारण्य झालें व २०१९ सालीं रामसर यादींत त्याचा समावेश झाला. त्या यादींत महाराष्ट्रांतील हेंच पहिलें स्थळ होय.

गेल्या फाल्गुनांत आम्ही सूर्योदयापूर्वीं चापडगांवच्या बाजूस पोहोंचलों. प्रथम ऐकूं आला तो चक्रवाकांचा सानुनासिक हाकारा. कवींनीं ज्यांस रात्रीं विरह भोगावयास लावला, तीं जोडपीं शेजारीं शेजारीं स्वस्थ चरत होतीं! हे पक्षी लडाख-तिबेटकडे अंडीं घालतात. उजाडल्यावर ध्यानांत आलें कीं, येथें प्रत्येकानें पाण्याची खोली वांटून घेतली आहे. शेकाट्या तांबड्या काटकुळ्या पायांवर वीतभर पाण्यांत उभा. चमच्या आपली चपटी चोंच डावी-उजवीकडे फिरवीत चाललेला. थापट्या बदकें पृष्ठभागावरील पाणी गाळून खात होतीं. आणि पाणकावळे खोल पाण्यांत बुड्या मारीत होते. पाणी हातभर चढलें किंवा उतरलें कीं ही सारी वांटणी पालटते.

वादाचें मूळ येथेंच आहे. महसूल खात्यांत कारकुनी करतांना ‘गाळपेर’ हा शब्द आम्हीं असंख्य वेळां लिहिला. जलाशय ओसरून जी जमीन उघडी पडते, ती एकसाली पट्ट्यानें पेरावयास देतात. ज्यांच्या जमिनी जलाशयांत गेल्या त्यांचा तींत अग्रहक्क असतो, व तो रास्त आहे. परंतु तीच ओली पट्टी पक्ष्यांचें ताट होय. आमच्या नोंदवहींत त्यांच्यासाठीं रकाना नव्हता.

कांठावर एक वृद्ध शेतकरी भेटले. ते म्हणाले, “भाऊसाहेब, पाहुणे म्हणतां ते ठीक, पण पाहुणा माझ्याच घरीं जेवतो अन् यजमान म्हणून नांव दुसऱ्याचं लागतं!” तक्रार खोटी नव्हे. मार्गशीर्ष-पौषांत गहूं कोंवळा असतां चक्रवाक रात्रीं शेतांत उतरून अंकुर खुडतात. मात्र तेच गृहस्थ पुढें नांगरामागें फिरणारे गायबगळे व गव्हावरून खालून घिरट्या घालून उंदीर टिपणारा दलदली ससाणा आपण होऊन दाखवूं लागले.

पाण्यालगतची पांच-दहा पावलें न पेरतां सोडावी व तेथवर औषधाचा फवारा पोहोंचूं देऊं नये, एवढें त्यांस पटलें. कारण तें विष आधीं गोगलगाई मारतें व मग पाण्यांत उतरतें. परंतु सोडलेल्या पट्टीचा खंड माफ व्हावा, ही त्यांची अटहि आम्हांस योग्य वाटते.

पाहण्यास जाणाऱ्यानें उन्हें तापण्यापूर्वीं पोहोंचावें, भडक वस्त्रें टाळावीं व मनोऱ्यावरून पाहावें. चिखलांत उतरूं नये. दुर्बीण असल्यास उत्तम. चैत्र सरतां सरतां उत्तरेचे बहुतेक पाहुणे निघून जातात. नंतर जांभळ्या पाणकोंबड्या, बगळे वगैरे येथील रहिवासीच काय ते दिसतील.