कॅपच्या आतली काजळी

खजूर चावता चावता माझ्या दाढेवरची कॅप एकदा निघून हातातच आली. रुमालात गुंडाळून ती दातांच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी ती उलटी करून दिव्याखाली धरली. बाहेरून मोत्यासारखी पांढरी, आतून मात्र तव्याच्या बुडासारखी काळपट! "सिमेंटनं धातू धरलाच नव्हता, ही काजळी धरली होती," ते म्हणाले.

ही काजळी येते कुठून? अशा कॅपचा आतला भाग धातूचा, बहुधा निकेल-क्रोमियम किंवा कोबाल्ट-क्रोमियमचा असतो. त्यावर पोर्सेलीनचे थर देऊन ते भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजतात. या पद्धतीची महत्त्वाची पेटंटं अमेरिकेत १९६२ साली दिली गेली. तापलेल्या धातूवर ऑक्साइडचं पुट चढतं. बाहेरच्या बाजूला ते पातळ पुट हवंच असतं, कारण त्याच्याच आधारानं पोर्सेलीन धातूला धरून राहतं. पण भट्टीला आत-बाहेर कळत नाही! आतलं पुट जाड झालं की ठिसूळ होतं. भिंतीचे पोपडे न खरवडता रंग दिला, तर रंग पोपड्यासकट गळतो. इथंही तसंच होतं.

उपाय साधा आहे. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण, साधारण ५० मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे, हवेच्या दाबानं कॅपच्या आत मारतात. याला सँडब्लास्टिंग म्हणतात. काळेपणा जातो, धातू खरखरीत होतो आणि सिमेंटला पकड मिळते. मात्र कॅपची कड नाजूक असते. मारा जास्त झाला तर ती झिजते आणि फट राहते. पोर्सेलीनवर कण बसले तर चकाकी जाते. तोंडात घालून पाहताना कॅपला लाळ लागते, म्हणून सिमेंट भरण्याआधी ती पुन्हा स्वच्छ करून कोरडी करावी लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? कॅप पूर्ण निघाली तर निदान कळतं. अर्धवट सुटली, तर फटीतून लाळ आणि जंतू शिरतात आणि दात आतल्या आत किडतो. रूट कॅनाल झालेल्या दाताला तर वेदनाही होत नाही. समजतं तेव्हा दात हातचा गेलेला असतो.

माझी दाढ वाचली. तेव्हा मंडळी, कॅप बसवण्यापूर्वी डॉक्टरांना एवढंच म्हणा, "जरा आतून दाखवता का?" दात आपला आहे, विचारायला संकोच कसला?