22, 12, 18, 87 : एका चौकटीची तपासणी

22 डिसेंबर, श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस. 2012 पासून तो राष्ट्रीय गणित दिवस म्हणून साजरा होतो आणि त्या सकाळी मोबाइलवर एक चौकट हमखास येते. वरच्या ओळीत 22, 12, 18, 87, म्हणजे त्यांची जन्मतारीख. आडवी, उभी, तिरकी कशीही बेरीज करा, 139 येते. खाली लिहिलेलं असतं, ‘ही खरी प्रतिभा!’

बेरीज बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. दुसरी ओळ 88, 17, 9, 25 अशी आहे. वरच्या चौथ्या आकड्यात 1 मिळवला, तिसऱ्यातून 1 काढला, दुसऱ्यातून 3 काढले, पहिल्यात 3 मिळवले. बेरीज बदलणार कशी? उरलेल्या दोन ओळीही अशाच फेरफारांच्या आहेत. तिथे कुणाचीही जन्मतारीख चालते.

‘ते गणितात नापास झाले होते’ हा दुसरा लाडका मजकूर. कुंभकोणमच्या टाऊन हायस्कूलनं 1904 मध्ये त्यांना गणिताचं पारितोषिक दिलं होतं. पुढे तिथल्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती गेली ती इंग्रजीत नापास झाल्यामुळे.

तिसरा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो : ‘एका पुस्तकावर जग जिंकलं, माहिती लागतेच कुठे?’ 1903 च्या सुमारास जॉर्ज कार यांचं पुस्तक त्यांच्या हाती आलं हे खरं. त्याआधी लोनींचं त्रिकोणमितीचं पाठ्यपुस्तक त्यांनी पचवलं होतं. कार हे खासगी शिकवणी घेणारे शिक्षक. परीक्षार्थींसाठी त्यांनी हजारो सूत्रं क्रमानं लावली, सिद्धता मात्र बहुतेक ठिकाणी त्रोटक ठेवल्या. ती उणीव या मुलानं स्वतः भरली, पाटीवर, कारण कागद परवडत नव्हता. कोपरानं पुसायचं आणि पुन्हा मांडायचं. पुस्तक थोर नव्हतं, पण त्यात भरताड नव्हती. प्रत्येक ओळ पुढच्या ओळीकडे नेणारी होती.

आणि कमी माहितीची किंमतही त्यांनी मोजली. युरोपात आधीच सिद्ध झालेले कितीतरी निष्कर्ष त्यांनी एकट्यानं पुन्हा शोधले. 1913 मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पाठवलेल्या पत्रांतले अभाज्य संख्यांविषयीचे काही दावे तर चुकीचे निघाले, कारण त्यासाठी लागणारं आधुनिक गणित त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. म्हणून तुटवडा हा गुण नव्हे. कुंभकोणमच्या त्या मुलाला हवी ती माहिती मिळत नव्हती. आपल्या मुलांना नको ती इतकी मिळते, की हवी ती तिच्याखाली दबते.

‘प्रेरणा मिळते ना, मग खरं-खोटं कशाला बघायचं?’ असं शिक्षकही म्हणतात तेव्हा वाईट वाटतं. ती चौकट पाहून मूल थक्क होतं आणि तिथेच थांबतं. अनंत श्रेणींपर्यंत, संख्यांच्या विभाजनांपर्यंत, म्हणजे 1918 मध्ये रॉयल सोसायटीनं सदस्य केलेल्या या गणितज्ञाच्या खऱ्या कामापर्यंत, ते पोचतच नाही.

पुढच्या 22 डिसेंबरला ती चौकट आली, तर पुढे पाठवण्याआधी घरातल्या मुलाला तिच्यात स्वतःची जन्मतारीख घालून बघायला सांगा. बेरीज जुळली, की ती का जुळली हे त्यालाच शोधू द्या.