रविवारची राहिलेली न्याहारी

आरे कॉलनीत रविवारी शहरातून माणसे छोटा काश्मीरच्या बागेत मोकळी हवा खायला येतात. तबेल्यांतल्या माणसांना मात्र म्हशी रविवार पाळू देत नाहीत. माझे एक वृद्ध रुग्ण याच परिसरातल्या एका लहानशा चर्चचे पाळक आहेत. त्यांचाही रविवार असाच कामाचा. (हे त्यांच्या संमतीने लिहितो आहे, ओळख पटेल असे काही मुद्दामच टाळले आहे.)

वय ७१. मधुमेह जुना, रक्तदाब त्याहून जुना. रविवारी ते पाचला उठून उपदेशाची टिपणे पुन्हा वाचतात, मग चर्च उघडून स्वतः सतरंज्या अंथरतात. उपासना नऊला. प्रभुभोजनाच्या रविवारी त्याआधी काही खायचे नाही, हा त्यांचा स्वतःचा नेम. मंडळीने तो लादलेला नाही. उपासनेनंतर कोणाकडे आजाऱ्यासाठी प्रार्थना, कोणाकडे नव्या बाळाला आशीर्वाद. दुपारचे जेवण अडीचला. सकाळची मधुमेहाची गोळी मात्र त्यांच्या पत्नी न चुकता सातला देत, कारण चिठ्ठीवर मी ‘न्याहारीपूर्वी’ असे लिहिले होते.

रविवारी न्याहारी होते का, हे मी विचारले नव्हते.

अशाच एका रविवारी उपदेश करताना त्यांचे शब्द अडखळू लागले. सदरा घामाने भिजला, शास्त्र धरलेला हात थरथरू लागला. समोरच्यांना वाटले, पाळकसाहेबांचे मन भरून आले आहे. काहींनी डोळेही पुसले. पुढे बसलेल्या एका बाईंच्या घरी मधुमेही सासरे होते. त्यांनी ओळखले, पाळकांना खाली बसवले आणि साखरेचे पाणी पाजले.

आपल्या घरी कोणी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल, तर हे लक्षात असू द्या. गोळी घेतली आणि पोटात अन्न गेले नाही, की रक्तातली साखर उतरते. ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की उपाय लगेच करायचा : माणूस शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, साखर कमीच असेल तर पुन्हा द्यावी आणि मग जेवू घालावे. बिस्किटावर विसंबू नये. त्याला वेळ लागतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ला फोन करावा. या गोळ्यांचा अंमल बराच काळ टिकतो. बरे वाटले तरी त्या दिवशी एकटे सोडू नये आणि डॉक्टरांना कळवावे.

वृद्धांमध्ये ही अवस्था नेहमी घामाच्या रूपातच येते असे नाही. चिडचिड, असंबद्ध बोलणे, अवेळी पेंग, एवढेच दिसते आणि आपण म्हणतो, ‘वय झाले.’ रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे थरथर व धडधड झाकली जाते. हे पाळकांपुरतेच नाही. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणारे आजोबा असोत की रोजा धरणाऱ्या आजी, उपवासाच्या आधीच डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ व मात्रा ठरवून घ्यावी. ती मनाने बदलू नये, बंदही करू नये.

पाळकांचा नेम मी मोडायला सांगितला नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी गोळी उपासनेनंतरच्या पहिल्या खाण्याच्या वेळी, असे ठरवले. इतर रविवारी सातला भाकरी व अंडे. उपदेश खुर्चीत बसून करायला ते अजून तयार नाहीत. भेटी दोनच, तेवढे कबूल केले आहे. संध्याकाळी मात्र अंधार पडण्यापूर्वी घरी येतात. ते माझ्या सांगण्यावरून नव्हे, बिबट्यामुळे.

पाळकाच्या घरातला रविवार खरा कोणाच्या खांद्यावर असतो, हे लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. हे सारे ठरत असताना या पाळकांच्या पत्नी कागदावर वेळा लिहून घेत होत्या. त्यांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला, असे मी सहज विचारले. त्या हसल्या. ‘‘डॉक्टर, औषधे यांची आहेत.’’

मी पट्टा त्यांच्या दंडाला बांधला. १७६ वर ९८. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, जवळपास तेवढाच. पाळकांनी तो कागद त्यांच्या हातातून घेतला आणि बुधवारी पुन्हा मोजायला यायचे, हे स्वतःच्या अक्षरात खाली लिहिले.