मालवण सागरी अभयारण्य

मालवण सागरी अभयारण्य हे महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण शहरालगत अरबी समुद्रात असलेले संरक्षित क्षेत्र आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये 13 एप्रिल 1987 रोजी ते घोषित करण्यात आले. हे राज्यातील पहिले सागरी अभयारण्य होय. अभयारण्याच्या परिसरात वन्यजीव संरक्षण, पारंपरिक मासेमारी आणि पर्यटन ही तिन्ही कामे एकाच उथळ समुद्रात चालतात. त्यामुळे किनारी संवर्धनाच्या अभ्यासात या क्षेत्राला महत्त्व आहे.

स्थान व विस्तार

अभयारण्याचे एकूण क्षेत्रफळ 29.122 चौरस किलोमीटर आहे. त्यापैकी 3.182 चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र असून उर्वरित 25.94 चौरस किलोमीटर बफर क्षेत्र आहे. गाभा क्षेत्रात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालच्या खडकाळ भागाचा समावेश होतो.

सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम छत्रपती शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर सुरू केले. किल्ल्यात शिवराजेश्वराचे मंदिर आहे. चोहोबाजूंनी खारे पाणी असूनही दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तेथील विहिरींना गोडे पाणी आहे. मंदिरात आजही नित्य पूजा होते आणि मालवण बंदरातून होड्यांनी पर्यटक किल्ल्यावर येत असतात. अभयारण्याचा गाभा अशा रीतीने माणसाच्या वावराचाही भाग आहे.

जैवविविधता

किल्ल्याभोवतीच्या बुडालेल्या खडकांवर प्रवाळांच्या वसाहती आढळतात. लक्षद्वीपप्रमाणे येथे विस्तीर्ण प्रवाळभित्ती नाहीत. खडकांच्या आधाराने वाढलेले विखुरलेले प्रवाळ असे त्यांचे स्वरूप आहे. पावसाळ्यात नद्यांतून येणारा गाळ आणि गढूळ पाणी सहन करून ते तग धरतात. प्रवाळांच्या आश्रयाने मासे, समुद्री अर्चिन, स्पंज, खेकडे व शैवाले वाढतात. खडकांच्या कपारींत माशांच्या पिल्लांना आसरा मिळत असल्याने या जागांचा संबंध परिसरातील मासेमारीशीही जोडला जातो.

परिसरातील समुद्रात डॉल्फिन दिसतात. कर्ली व कोळंब येथील खाड्यांच्या काठी कांदळवने आहेत. जिल्ह्यातील काही वालुकामय किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे हिवाळ्यात अंडी घालण्यास येतात. वेंगुर्ले तालुक्यातील वायंगणीसारख्या गावांत ग्रामस्थ घरट्यांचे रक्षण करून पिल्ले समुद्रात सोडतात.

किनारे व पर्यटन

मालवण शहरातील दांडी किनाऱ्याजवळ मोरयाचा धोंडा हा खडक आहे. किल्ल्याच्या पायाभरणीपूर्वी महाराजांनी येथे पूजा केली, अशी परंपरा सांगितली जाते. ओहोटीच्या वेळी या बाजूने पद्मगडाकडे चालत जाता येते. मात्र भरतीची वेळ जाणून घेणे आवश्यक असते. शहराच्या उत्तर भागात चिवला किनारा व खडकाळ काठावर उभारलेले रॉक गार्डन हे उद्यान आहे. दक्षिणेस तारकर्ली व देवबाग येथे रुंद वालुकामय किनारे असून देवबागजवळ कर्ली नदी समुद्रास मिळते.

तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण केंद्र आहे. किल्ल्याच्या परिसरातील उथळ पाण्यात स्कूबा डायव्हिंग व स्नॉर्केलिंग केले जाते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने जलक्रीडा बंद राहतात. पाणी स्वच्छ असण्याच्या दृष्टीने हिवाळ्याचे महिने अनुकूल मानले जातात. पर्यटनामुळे होडी चालवणारे, पाणबुडे मार्गदर्शक आणि घरगुती निवास व भोजनव्यवस्था चालवणारे यांना रोजगार मिळाला आहे. त्यांपैकी अनेक जण मच्छीमार कुटुंबांतील आहेत.

मासेमारी व स्थानिक हितसंबंध

मालवणच्या किनाऱ्यावर गाबीत समाजाची मोठी वस्ती आहे. रापण ही येथील जुनी सामुदायिक पद्धत होय. होडीतून जाळे अर्धवर्तुळाकार सोडले जाते व त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात. मिळालेली मासळी रापणीतील भागीदारांमध्ये वाटली जाते. ही पद्धत किनाऱ्याजवळ येणाऱ्या मासळीवर अवलंबून असल्याने पर्ससीन व ट्रॉलर यांसारख्या यांत्रिक मासेमारीशी तिचा दीर्घकाळ संघर्ष राहिला आहे.

अभयारण्याच्या घोषणेनंतर उपजीविकेचे हक्क जातील, या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी तिला विरोध केला. समुद्रात जमिनीप्रमाणे कुंपण घालता येत नाही, त्यामुळे केवळ कायद्याच्या बळावर सीमा राखणे अवघड असते आणि स्थानिकांचा सहभाग निर्णायक ठरतो.

संवर्धनासमोरील प्रश्न

प्रवाळ हे सजीव असून त्यांची वाढ अत्यंत मंद असते. नांगर टाकल्याने, प्रवाळांवर उभे राहिल्याने किंवा त्यांना हात लावल्याने काही क्षणांत झालेली हानी भरून येण्यास अनेक वर्षे लागू शकतात. माशांना आकर्षित करण्यासाठी पाव वा बिस्किटे टाकल्यास त्यांच्या आहाराच्या नैसर्गिक सवयी बदलतात. समुद्राचे तापमान वाढल्यास प्रवाळांचे विरंजन होते, म्हणजे त्यांच्या ऊतींतील सूक्ष्म शैवाले नाहीशी होऊन ते पांढरे पडतात.

या शतकाच्या दुसऱ्या दशकात केंद्र व राज्य शासन आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या सहकार्याने सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर जैवविविधता संवर्धनाचा प्रकल्प राबवण्यात आला. लहान मासे निसटून जावेत यासाठी चौकोनी आसाच्या जाळ्यांचा प्रसार आणि खेकडापालनासारखे पूरक व्यवसाय यांचा त्यात समावेश होता. नांगराऐवजी कायमस्वरूपी बोयांना होड्या बांधणे, एका वेळी पाण्यात उतरणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवणे आणि मार्गदर्शकांना प्रशिक्षण देणे हे उपाय प्रवाळक्षेत्रांतील पर्यटनासाठी सर्वसाधारणपणे सुचवले जातात. मालवणमध्ये प्रवाळांचे नुकसान झाल्यास त्याचा फटका अभयारण्याइतकाच मासेमारीला आणि त्यांच्यावर आधारलेल्या पर्यटनालाही बसतो.