सीरसकर : चुण्यांचे सुती कापड

उन्हाळ्यात कापड अंगाला चिकटले की घाम वाळत नाही, घामोळ्या उठतात. सिंथेटिक गणवेशात ड्युटी करताना आम्ही परिचारिकांनी हे सोसले आहे. सीरसकर या हलक्या सुती कापडाच्या विणीतच त्यावर उपाय आहे.

हे नाव ‘शीर-ओ-शकर’ म्हणजे दूध-साखर या फारसी शब्दांवरून आले. शिरखुर्म्यातला ‘शीर’ तोच. एक पट्टा दुधासारखा मऊ, दुसरा साखरेसारखा खरबरीत. मागावर काही उभे धागे ताणून, काही सैल ठेवून विणतात. सैल धाग्यांच्या चुण्या पडतात. त्यामुळे कापड अंगापासून सुटे राहते, हवा खेळते, घाम वाळतो आणि अंग निवते.

भारतातून हे कापड पाश्चात्त्य देशांत गेले. अमेरिकेत ते कष्टकऱ्यांनी वापरले. पुढे त्याचे सूटही शिवले गेले. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या लष्करी परिचारिकांना तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या सीरसकरचा गणवेश मिळाला. धुवायला सोपा, इस्त्रीची गरज नाही.

घेताना पॉलिएस्टरची भेसळ नाही ना, हे पाहा. कपडे सैल शिवा. मात्र कापडावर विसंबू नका. उन्हात कोणी बरळू लागले किंवा बेशुद्ध झाले, तर सावलीत न्या, अंग ओले करून वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा.